पाऊल दुखत असताना पहिली हाफ मॅरेथॉन कशी पूर्ण करायची

हाफ मॅरेथॉन म्हणजे २१.०९७५ किलोमीटर. हौशी धावपटूची एवढ्या अंतरात वीस हजारांच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे एकेका पायाची दहा हजार. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार त्या पायावर येतो. टाच किंवा तळवा आधीच कुरकुरत असेल तर हा हिशोब धडकी भरवतो. तरीही पाऊल दुखणारे कितीतरी लोक पहिली हाफ मॅरेथॉन व्यवस्थित पूर्ण करतात आणि पुढेही धावत राहतात. फक्त ते दात-ओठ खाऊन पळत नाहीत. दुखण्याला सांभाळून घेणारी आखणी ते महिनोन्‌महिने आधी करतात.

नवीन मंडळींसोबत पळताना एकच प्रश्न सतत कानावर येतो: "दुखतंय, तर पळू की नको?" नुसतं किती दुखतंय यावरून याचं उत्तर देता येत नाही. दुखणारी गोष्ट हाड आहे की टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा), हे आधी कळायला हवं. आणि पळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल कसं आहे, हे बघायला हवं. या लेखातलं बाकी सगळं या दोन गोष्टींवर उभं आहे.

पायरी १: अंगठ्याने दाबून जागा शोधा

खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि हाताच्या अंगठ्याने तळव्याचा एकेक भाग दाबत जा. आधी टाचेचा मध्य, मग टाचेची आतली कड, मग कमान, मग चवडा, मग प्रत्येक बोटाच्या मुळाशी. त्यानंतर पावलाची वरची बाजू, जिथे लेस बांधतो ती, हाडाहाडावरून बोट फिरवत तपासा. शेवटी टाचेच्या मागचा अकिलीस टेंडन चिमटीत धरून वरून खाली दाबत या. दुसऱ्या पायावरही हेच करा. कुणाचाही पाय जोरात दाबला तर थोडा दुखतोच; दोन पायांतला फरक महत्त्वाचा.

टाचेच्या आतल्या कडेला, कमान सुरू होते तिथे कळ आली, आणि सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली चार-सहा पावलं सगळ्यात वाईट जात असतील, तर बहुधा प्लांटर फॅशियायटिस आहे. टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला प्लांटर फॅशिया हा जाड पट्टा धनुष्याच्या दोरीसारखी पावलाची कमान ताणून धरतो. हे दुखणं मोठं फसवं असतं. चालून-पळून पाय गरम झाला की ते कमी होतं, माणसाला वाटतं बरं झालं, आणि पळून घरी येऊन तासभर बसून उठलं की टाच टेकवत नाही. पुष्कळांना एक्स-रे काढल्यावर "टाचेचं हाड वाढलंय" असं सांगितलं जातं आणि ते धावणंच सोडतात. तसं वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही दिसतं. तेवढ्यावरून हाय खायचं कारण नाही.

टाचेच्या मागे दुखत असेल तर अकिलीस. त्यातही दोन प्रकार: टाचेच्या दोन ते सहा सेंटीमीटर वर दुखणारा, आणि टेंडन हाडाला चिकटतो तिथेच दुखणारा. दोघांचे व्यायाम थोडे वेगळे आहेत, म्हणून जागा नीट बघून ठेवा.

चवड्यात, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये जळजळ, मुंग्या किंवा बुटात खडा गेल्याची भावना असेल तर नस दाबली जात असण्याची शक्यता असते. याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात आणि अरुंद बूट हे त्याचं नेहमीचं निमित्त. अंगठ्याच्या मुळाशी तळव्याकडून दुखत असेल तर तिथली वाटाण्याएवढी दोन हाडं, सेसामॉइड्स, तपासून घ्यायला हवीत. पावलाच्या वर दुखत असेल तर आधी लेस सैल करून बघा. करकचून बांधलेल्या लेसमुळे वरचे टेंडन सुजतात. लेस सैल करूनही फरक पडला नाही तर मात्र पुढची पायरी लक्ष देऊन वाचा.

पायरी २: ही लक्षणं असतील तर पळणं आजच थांबवा

हाडाचं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. "इथेच, याच टोकावर" असं सांगता येणारी, हाडावर दाबल्यावर तीव्र दुखणारी जागा, पळताना दर किलोमीटरला वाढत जाणारं दुखणं, रात्री पडल्या पडल्या ठणकणं, पावलावर सूज: यातलं काही असेल तर स्ट्रेस फ्रॅक्चरची, म्हणजे पुन्हा पुन्हा पडणाऱ्या भाराने हाडाला गेलेल्या बारीक तड्याची, शंका धरायची. टाचेच्या हाडाबद्दल शंका असेल तर टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबा. प्लांटर फॅशियायटिस तळव्याकडून दाबल्यावर दुखतो. बाजूंनी दाबल्यावर टाच दुखली तर डॉक्टरांना दाखवा.

स्ट्रेस फ्रॅक्चर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आला" म्हणून पळायला सुरुवात करणं धोक्याचं आहे. शंका कायम असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांशी बोला. बोटांमागच्या लांब हाडांमधलं फ्रॅक्चर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरून येतं. पण घोट्यासमोर पावलाच्या वरच्या भागात असलेलं नेव्हिक्युलर हाड आणि करंगळीमागच्या हाडाचं बूड या दोन जागा चिवट आहेत. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, आणि दुर्लक्ष झालं तर शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊ शकते.

आणखी काही जणांनी आधी डॉक्टर, मग बूट असा क्रम ठेवावा. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले. पाळी अनियमित झालेल्या किंवा थांबलेल्या, कमी खाऊन जास्त पळणाऱ्या स्त्रिया. पूर्वी स्ट्रेस फ्रॅक्चर झालेले. आणि ज्यांच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ आखडलेली असते असे तरुण, कारण अशा वेळी मूळ सांध्यांच्या आजारात असू शकतं.

हाडाचं दुखणं निघालं तर ही स्पर्धा सोडा. आयोजक नोंदणी पुढच्या वर्षी ढकलू देतात का, हे लगेच विचारा.

पायरी ३: रोज सकाळी पावलाला गुण द्या

हाडाची शंका नाही असं ठरलं की दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायची सवय लावा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. फिजिओथेरपिस्ट हीच पद्धत वापरतात. माझा नियम असा: पळताना तीनपर्यंत चालेल, चार-पाच झालं तर त्या दिवशीचं पळणं आवरतं घ्यायचं, त्याहून वर गेलं किंवा चाल बदलली, लंगडायला झालं, तर तिथल्या तिथे थांबायचं.

त्याहून मोठा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. अंथरुणातून उठून टाकलेल्या पहिल्या दहा पावलांना गुण द्या आणि वहीत लिहा. आदल्या सकाळइतकेच किंवा कमी असतील तर कालचा सराव पावलाला झेपला. दोन गुणांनी वाढले असतील तर पुढचं पळणं एक दिवस पुढे ढकला आणि अंतर कमी करा. सलग तीन सकाळी आकडा चढत असेल तर आठवडाभर पळणं बंद, सायकल किंवा पोहणं सुरू. हे लिहूनच ठेवावं लागतं. स्पर्धा जवळ आली की मन सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतं.

पायरी ४: पावलाला ताकद द्या

नुसती विश्रांती घेतली की दुखणं शांत होतं आणि पळायला लागलं की परत येतं, कारण टेंडन आणि फॅशिया भार पेलायला शिकलेलेच नसतात. त्यांना हळूहळू वाढणारा भार लागतो.

प्लांटर फॅशियायटिससाठी मी सगळ्यात आधी हा व्यायाम सांगते. एक छोटा टॉवेल घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवा. पायाची बोटं त्या गुंडाळीवर येतील, म्हणजे वर वळलेली राहतील, आणि टाच पायरीबाहेर अधांतरी राहील अशा बेताने एका पायावर उभं राहा. भिंतीचा किंवा कठड्याचा आधार घ्या. तीन सेकंद मोजत टाच वर उचला, वर दोन सेकंद थांबा, तीन सेकंद मोजत खाली या. बोटं वर वळल्यामुळे फॅशिया ताणला जातो, म्हणून टॉवेल वगळू नका. सुरुवातीला बारा वेळा, असे तीन संच, दिवसाआड. एका पायाने झेपत नसेल तर दोन्ही पायांनी सुरू करा. दोनेक आठवड्यांनी पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घ्या आणि दहा वेळांचे चार संच करा, आणखी दोनेक आठवड्यांनी आठ वेळांचे पाच. फरक जाणवायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून स्पर्धेच्या तीन-चार महिने आधी सुरुवात हवी.

याच्या जोडीला, सकाळी पाय जमिनीवर टेकवण्यापूर्वी, पाय मांडीवर घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढा, दहा सेकंद धरा, दहा वेळा. पहिल्या पावलाची कळ याने बरीच बोथट होते. थंड बाटली तळव्याखाली फिरवायला हरकत नाही, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पण तो इलाज नव्हे.

अकिलीस मधल्या भागात दुखत असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यावर उभं राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम: दोन्ही पायांनी वर, दुखऱ्या पायाने खाली, पंधरा वेळा तीन संच, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. टेंडन हाडाला चिकटतो तिथे दुखत असेल तर हाच व्यायाम सपाट जमिनीवर करा. टाच पायरीच्या खाली गेली की तिथे दाब वाढतो आणि दुखणं चिघळतं.

पायरी ५: बूट

प्रत्येक पाऊल एकाच बुटाने बरं होत नाही. दुखणं कुठलं, त्यावर बूट ठरतो. टाच किंवा अकिलीस दुखत असेल तर टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो ८ ते १२ मिलिमीटर असलेला बूट बहुतेकांना सोयीचा जातो. शून्य ड्रॉपचे किंवा पातळ तळव्याचे बूट पोटरी आणि अकिलीसवरचा भार वाढवतात. दुखणं असताना त्यांचा प्रयोग नको. चवडा दुखत असेल तर पुढून रुंद आणि नावेसारखा वर वळलेला तळवा बघा. न्यूरोमाला तर रुंदी हाच अर्धा इलाज.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. जुना बूट टेबलावर ठेवून मागून बघा: टाचेचा भाग एका बाजूला कलला असेल किंवा मधला फोम सुरकुतला असेल तर त्याचं आयुष्य संपलं. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर ती वेळ येते. इनसोल, म्हणजे बुटात घालायचा आतला तळ, हवाच असेल तर तयार मिळणाऱ्यापासून सुरुवात करा, अनेकांना तो पुरतो. पावलाच्या वर दुखत असेल तर दुखऱ्या जागेवरची लेसची आडवी घडी वगळा आणि त्या टप्प्यात लेस दोन्ही बाजूंनी सरळ वर न्या.

पायरी ६: सोळा आठवड्यांची आखणी, चालण्यासकट

पाऊल दुखत असेल तर पळणं-चालणं मिसळून करा, आणि पहिल्या दिवसापासून करा. थकल्यावर चालणं आणि ठरवून चालणं यांत खूप फरक आहे. ठरवून चाललं की दर काही मिनिटांनी पावलावरचा भार उतरतो आणि टेंडनला सलग तडाखे बसत नाहीत.

"पण मग वेळेत पोहोचणार कसं?" ही भीती आकडे मांडून बघितली की जाते. समजा तुम्ही किलोमीटरला साडेसात मिनिटं या वेगाने पळता आणि दहा मिनिटं या वेगाने भरभर चालता. चार मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं असं केलं तर २१.१ किलोमीटर साधारण २ तास ४७ मिनिटांत होतात. दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं केलं तर २ तास ५३ मिनिटं. म्हणजे चालण्याचा वेळ एक पंचमांशावरून एक तृतीयांशावर नेऊनही जेमतेम सहा मिनिटं जातात. एकास एक केलं तरी तीन तास एक मिनिट. तुमच्या स्पर्धेचा कटऑफ, म्हणजे पोहोचायची शेवटची मुदत, किती आहे ते आधी बघा आणि त्यावरून गुणोत्तर ठरवा. शंका असेल तिथे जास्त चालण्याचं गुणोत्तर निवडा.

सुरुवात करताना आठ किलोमीटर पळत-चालत आरामात होत असतील असं मी धरते. नसतील तर आधी तिथपर्यंत पोहोचा. आठवड्यातून तीनच दिवस पळायचं, मध्ये किमान एक दिवस मोकळा. त्यातले दोन दिवस चार ते सात किलोमीटर, बोलता येईल इतक्या संथ वेगाने. तिसऱ्या दिवशी लांब पल्ला, आठवड्यागणिक असा: ८, ८.५, ९, ७, १०, ११, १२, ९, १३, १४, १५, ११, १६, १७.५, १२ आणि मग स्पर्धा. दर चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम उतरवलं आहे, शेवटी स्पर्धेआधीही. ती उतरण गाळू नका. गेल्या महिनाभरातल्या सगळ्यात लांब पळण्याच्या साधारण दहा टक्क्यांहून मोठी उडी एका दिवसात मारायची नाही, हे सूत्र यामागे आहे. १७.५ वरून २१.१ ही एकच उडी त्याहून बरीच मोठी आहे, आणि म्हणूनच स्पर्धेच्या दिवशी चालण्याची विश्रांती अजिबात सोडायची नाही.

वेगाचे सराव, चढावरच्या दौडी, तीव्र उतार हे सगळं पहिल्या हाफ मॅरेथॉनसाठी, दुखऱ्या पावलाने, लागत नाही. सरळ वगळा. पावलं थोडी छोटी आणि भरभर टाका. मिनिटाला पडणारी पावलं पाच टक्क्यांनी वाढवली तरी प्रत्येक पावलाचा दणका हलका होतो. दम वाढवायचा असेल तर मोकळ्या दिवशी सायकल किंवा पोहणं. सायकल चालवताना पेडल चवड्याऐवजी पावलाच्या मध्याखाली घेतलं तर अकिलीसवर ताण कमी येतो.

एखादा आठवडा दुखण्यामुळे बुडाला तर तो भरून काढायचा प्रयत्न करू नका. जिथे थांबलात त्याच्या एक पाऊल मागून सुरू करा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खंड पडला आणि स्पर्धा पाच आठवड्यांच्या आत असेल, तर दहा किलोमीटरच्या गटात बदल करून घेणं जास्त शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे.

पायरी ७: शेवटचे दोन आठवडे

ताकदीचे व्यायाम शेवटच्या आठवड्यात निम्मे करा, स्पर्धेच्या तीन दिवस आधी बंद. नवे बूट, नवे इनसोल, कार्बन प्लेटचे बूट यातलं काहीही या काळात पहिल्यांदा वापरायचं नाही. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊन स्पर्धेत उतरण्याचा मोह होतो. दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, पण इंजेक्शननंतर फॅशिया तुटण्याचा धोका असतो, त्यामुळे हा मार्ग नकोच. पावलाला टेप लावणार असाल तर फिजिओकडून शिकून घ्या आणि एका लांब पल्ल्यावर आधी आजमावा. टेपची कड चुकीच्या जागी आली तर दहाव्या किलोमीटरला मोठा फोड येतो. नखं चार दिवस आधी कापा.

पायरी ८: स्पर्धेचा दिवस

सुरुवातीच्या दीड तास आधी उठलेले असा. घरातल्या घरात चप्पल घालून दहा-पंधरा मिनिटं चाला, बोटं ओढण्याचा ताण द्या, दहा-बारा वेळा टाचा उचला. सुती मोजे नकोत, ते घाम धरून ठेवतात. बोटांच्या मध्ये आणि टाचेमागे पेट्रोलियम जेली लावा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या सुरुवातीआधी किंवा वाटेत घेऊ नका. शरीरातलं पाणी कमी होत असताना त्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि थांबायला सांगणारी वेदनाच त्या बंद करतात.

रांगेत मागे उभं राहा. पहिलं चालणं ठरलेल्या मिनिटालाच घ्या, पाय कितीही ताजे वाटले तरी. आजूबाजूचे शेकडो लोक पुढे जात असताना चालायला लागणं जड जातं, पण इथेच शर्यत हातात राहते. पहिले पाच किलोमीटर सरावाच्या वेगापेक्षा किंचित हळू. आठ-दहा किलोमीटरवर बाजूला होऊन लेस थोडी सैल करा, तोवर पाय सुजलेले असतात. पाणी तहान लागेल तसं, आणि सरावात पचलेलं गोड काहीतरी तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील इतकं.

पंधरा ते अठरा हा टप्पा सगळ्यात अवघड. पोटऱ्या थकल्या की फॅशियावर जास्त भार येतो. इथे दुखण्याला गुण द्या. चारच्या वर गेलं तर पळण्याची मिनिटं निम्मी करा. पाचच्या वर गेलं तर फक्त चाला. दहा मिनिटांच्या वेगाने उरलेले चार किलोमीटर चाळीस मिनिटांत चालून होतात. अचानक "टक" असं काही तुटल्यासारखं वाटलं, एका जागी भोसकल्यासारखी कळ आली किंवा चालतानाही लंगडायला लागलात, तर जवळच्या वैद्यकीय मदत केंद्राशी थांबा. तिथून पुढे जाऊ नका.

पोहोचल्यावर

लगेच बसकण मारू नका, दहा मिनिटं चाला. घरातही दोन-तीन दिवस अनवाणी चालणं टाळा, मऊ चप्पल घाला. दुसऱ्या दिवशी सकाळचे गुण चढलेले असणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. चार-पाच दिवसांत ते स्पर्धेआधीच्या आकड्यावर यायला हवेत. आठवडाभर पळायचं नाही. टॉवेलचा व्यायाम पाचव्या दिवसापासून पुन्हा सुरू करा आणि पहिलं पळणं तीन-चार किलोमीटरचं, सकाळचा आकडा खाली आल्यानंतरच. दहा दिवसांनीही तो चढलेलाच राहिला किंवा एका जागी सूज दिसली, तर फिजिओ किंवा अस्थिरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि सोबत ती वही घेऊन जा. कधी, किती पळाल्यावर, किती दुखलं हे त्यांना विचारावं लागणार नाही.